एवढंच आठवते म्हणे

दुसरबीड, १८ डिसेंबर २०२४

काजल,

जय भीम. मी रेणुका, तुही मोठी जाऊ. अक्षर ओळखून कागद फाडू नको वं, आधी वाच आन मंग फाड. फोन लावला तर तुहा भाऊ चंद्रशेखर उचलते, माहा आवाज आयकला की कट करते. आता तर घंटीच वाजत नाही, ब्लॉक केला असन. म्हणून पोस्टानं लिहून राह्यली. तुहं माहेर, बीबी गाव, काही अमेरिकेत नाही, पण सध्या मले तितकीच दूर आहे.

तुहा राग खोटा नाही. तुहा नवरा संघर्ष गेला, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं तुले आंगणात उभं करून म्हटलं, "सकाळी तू भांडली, म्हणून माहं लेकरू पेलं. पिऊन गाडी चालवली आन मेलं, माह्या मोठ्या लेकाले, दयालेबी घेऊन जात होतं." तुह्या मयुरीचं दप्तर तुह्या हातात देलं आन दार लावून घेतलं. मी तिथंच होती. त्यावर आज काही लिहीत नाही, लिहिलं तर हा कागद तिथंच संपन.

घरचं सांगते. हे, म्हणजे तुहे भासरे, तसेच आहे. डोक्याची जखम भरली, जालन्याच्या डॉक्टरनं फोटो काढले, आत काही दिसत नाही म्हणे. पण यायले काहीच आठवत नाही. ऋत्विकले पाहून म्हणतात, "हे पोरगं कोणाचं?" पोटचं पोरगं आहे वं ते, कोपऱ्यात जाऊन रडते. हाताले बोटं किती विचारलं तर मोजून मोजून नऊ सांगतात. लोकं भेटाले येतात, चहा पितात, च्‌ च्‌ करतात आन जातात.

एकच गोष्ट तेवढी राह्यली. रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर दोघाईची मोटरसायकल गेली, यायले ॲम्बुलन्समध्ये टाकलं, तवा पोलिसाले म्हणले, "गाडी संघर्ष चालवून राह्यला होता." पोलिसानं तेच लिहून घेतलं. दोघाईच्या आंगाले दारूचा वास, तेबी लिहिलं. मेलेल्या माणसावर केस काय चालन, म्हणून पुढं कोणी खोदलं नाही. त्याच्यानंतर यायचं सगळं पुसलं गेलं. आजबी कोणी विचारलं तर एवढंच आठवते म्हणे.

ह्या रविवारी पौर्णिमा होती. आत्याबाई यायले धरून विहारात घेऊन गेली. तुले तर माहीत आहे, इतके वर्षं वंदना हेच घेत होते, बाकीचे यायच्या मागं म्हणत. सवयीनं लोकाईनं यायलेच पुढं बसवलं. "नमो तस्स" म्हटलं आन थांबले. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, वर पाह्यलं. बायाईनं डोळ्याले पदर लावले.

माह्या बाजूले म्हातारी तानुबाई बसली होती. तानुबाईची गत तू पाह्यलीच आहे, सख्ख्या पोराले "पाहुणे कुठले?" विचारते, जेवून उठली की पुन्हा ताट मागते. तिनं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, एक अक्षर खाल्लं नाही. मंग डोळे उघडून मले विचारलं, "बाई, मी इथं कायले आली?"

सगळे रडले. मले काही रडू आलं नाही. मले कसंतरी झालं, आन काऊन झालं ते मले अजून नीट सांगता येत नाही.

एक विचारते, उत्तर दे. त्या दिवशी निघताना गाडीची चाबी कोणाच्या हातात होती? मी तवा शेतात होती, मले माहीत नाही. तू दारात होती.

रेणुका


दुसरबीड, ३ जानेवारी २०२५

काजल,

उत्तर नाही आलं. नको देऊ. पण बीबीचा पोस्टमन म्हणे कागद तुह्याच हातात देला, म्हणजे तू घेतला. घेतला म्हणजे वाचला असन.

मी इतक्या दिवसात एक वाईट सवय लावून घेतली. नवऱ्यावर नजर ठेवते. बाईनं नवऱ्यावर नजर ठेवायची ती दुसऱ्या बाईसाठी, मी ठेवून राह्यली ते खरंच विसरले का पाह्याले. हसू नको. चहात साखर टाकली नाही तर तोंड वाकडं करतात पण बोलत नाही. दाढीचं सामान मी दुसऱ्या खणात ठेवलं तर आधी जुन्या खणात हात घातला. म्हणजे जुना खण आठवते ना बाप्पा? आत्याबाईले सांगतलं तर म्हणते, "हाताले सवय असते. डोकं नको खाऊ त्याचं." ती यायच्या जवळून हालतच नाही. कोणी काही विचारलं की यायच्या आधी तीच उत्तर देते.

आता खरी गोष्ट आयक. आपल्या गव्हाले पाणी चालू आहे. शेतातली लाईट एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रातची, आन त्यातबी कधी बदलन त्याचा भरोसा नाही. मीच विसरते, शेजारच्या कडूबाभाऊले विचारून येते. यायले आज वार कोणता विचारलं तर छताकडे पाहतात.

सोमवारी दिवस मावळाले मी भाकरी टाकत होती. हे उठले, बॅटरी चार्जिंगले लावली, कोपऱ्यातले गमबूट काढले आन झटकून दारापाशी ठेवले. मी तवा उतरवला. म्हटलं, "कुठं निघाले?" तसे हे थिजले. बूट हातात धरून मले विचारतात, "हे काय आहे?"

"बूट आहे," म्हटलं.

गुपचूप जाऊन बाजेवर बसले. मी कडूबाभाऊकडे गेली. त्यानं सांगतलं, आजपासून रातची लाईट आहे, पाळी बदलल्याचं कालच समजलं. ज्या माणसाले पोराचं नाव माहीत नाही, त्याले लाईटीची पाळी माहीत होती. आत्याबाई ओट्यावर फोनवर त्याचंच बोलली असन, यायनं आतून आयकलं असन, आन कास्तकाराच्या जातीले गव्हाचं पाणी चुकवणं जमलं नाही.

झोपलेल्याले उठवता येते, सोंग घेतलेल्याले नाही म्हणतात. मी तरी पाह्यतेच. माह्या भावानं संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात नंबर लावला आहे. तिथं डोक्याची, म्हणजे याददाश तपासायची, येगळी मॅडम आहे. आत्याबाईनं घर डोक्यावर घेतलं, "डॉक्टर काय करन, उगा माहं लेकरू दमन." मी म्हटलं, इलाज करून आणते, त्यात तुमचं काय जाते?

एवढं कोणाले सांगू नको. चंद्रशेखरलेबी नको.

रेणुका


दुसरबीड, १७ जानेवारी २०२५

काजल,

जाऊन आली. सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, एसटीत हे खिडकीपाशी बसले आन येळभर डोळे मिटून. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर माह्याकडे बोट केलं.

मॅडमचं नाव छाया. वयानं माह्याएवढीच, आवाज एकदम मऊ. मले वाटलं होतं डोक्याले वायरी लावतीन. काही नाही वं, टेबल, खुर्ची आन चित्राईचे कार्ड. मले म्हणे, मागे बसा, पण मधे बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. मी पदर तोंडात धरून बसली.

आधी गोष्ट सांगतली आन परत सांगा म्हणे. आकडे उलटे म्हणाले लावले. मंग म्हणे, "दयारामभाऊ, आता जरा अवघड आहे. खूप चित्रं दाखवणार आहे, नीट लक्ष देऊन पाहा." एकामागं एक कार्ड दाखवले, छत्री, कुलूप, बदक, घमेलं, असे. मंग दोन दोन चित्रं सोबत ठेवून विचारलं, यातलं मघाशी कोणतं पाहिलं? एक दाखवलेलं, एक नवं. बोट ठेवायचं, बस्स.

मी बी मागं बसून मनात खेळली. मले तर सगळे आले. मॅडम अवघड म्हणत होती आन मले काहीच अवघड वाटलं नाही, म्हणून मले माह्यावरच शंका आली का मीच काही उलटं समजून राह्यली.

यायनं काय केलं सांगू? दोन्ही चित्रं नीट पाहत. डोळा एका चित्रावर थांबे, आन बोट दुसऱ्यावर जाये. छत्रीवर डोळा, बोट कुकरवर. मी मागून पाहत होती, यायची मान मले दिसत होती. जिले नवऱ्याची मान कळत नाही ती बायको कायची.

निघताना मी मॅडमले बाजूले घेऊन विहाराचं सांगतलं, तानुबाईचं सांगतलं, गमबुटाचंबी सांगतलं. तिनं सगळं आयकून घेतलं. म्हणे, पुढच्या आठवड्यात तुम्ही एकट्या या.

एसटीत यायनं मले पहिल्यांदा आपणहून विचारलं, "झालं का बरोबर?" मी म्हटलं, "माहीत नाही." जालन्यापर्यंत यायचा पाय हालत होता. ज्याले काही आठवत नाही, त्याले निकालाची एवढी काळजी काऊन?

काजल, तू चाबीचं अजून सांगतलं नाही.

रेणुका


दुसरबीड, २५ जानेवारी २०२५

काजल,

रिपोर्ट आला. आजार खराच आहे म्हणे. मार लागल्यानं तसं होते. मी उगाच काहीबाही लिहिलं, तू मनावर घेऊ नको. चाबीचंबी राहू दे, आता त्याचं काय. मयुरीले शाळेत टाकलं का तिथं? तब्येतीले जपजो.

रेणुका


दुसरबीड, ९ फेब्रुवारी २०२५

काजल,

मागचा कागद फाडून टाक. त्यातलं एक अक्षर खरं नाही. मी घाबरली होती.

मॅडमनं मले समोर बसवलं आन म्हणे, "रेणुकाताई, एखाद्याच्या डोळ्याला पट्टी बांधून बोट ठेवायला लावलं, तरी अर्धी उत्तरं बरोबर येतात. यांची अर्ध्याच्या खूप खाली आली. बरोबर चित्र ओळखल्याशिवाय इतकं चुकता येत नाही." मी विचारलं, पण तुम्ही तर अवघड आहे म्हणले. म्हणे, "ती अवघड दिसते, नसते. तुमच्या तानुबाईंसारखे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांनाही यातली बहुतेक चित्रं ओळखता येतात. आणि लहानपणापासून पाठ असलेली वंदना तर फार शेवटी जाते. ज्याला खरा आजार माहीत नसतो, तो सगळंच विसरून दाखवतो."

मी म्हटलं, "मंग माहा नवरा खोटारडा आहे का?"

"तसं आम्ही लिहीत नाही," म्हणे. "त्यांनी जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिली, एवढं मी लिहिलंय. का दिली, ते माझी टेस्ट सांगत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल."

मी बाहेर येऊन स्टँडवर बसली. दोन गाड्या सोडल्या. काऊन विसरले ते मले त्याच घडीले समजलं होतं, विचारायची गरज नव्हती. मले दिसत होतं ते ऋत्विकच्या बापाच्या हातात बेड्या. म्हणून घरी येऊन तुले खोटं लिहिलं. तुह्यापेक्षा माहं घर मोठं वाटलं मले.

पण राहवलं नाही. दुसऱ्या हप्त्यात मी यायले फावडं देऊन गव्हाच्या पाण्याले सोबत नेलं, आत्याबाई घरी होती. दुपारची येळ. मी बांधावर बसली आन सरळ म्हटलं, "तुम्ही नापास झाले."

यायच्या तोंडावर जे उमटलं ना, ते समाधान होतं वं. मले म्हणतात, "म्हणजे आजार पक्का?"

"नाही," म्हटलं, "एवढं नापास व्हायले सगळे उत्तरं यावे लागतात. पोट्टे बी एवढी चुकीची कॉपी करत नाही."

यायनं फावडं बाजूले टाकलं. मंग खाली बसले आन माह्या नावानं हाक मारली. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा. जे सांगतलं ते तसंच्या तसं लिहिते, तुहा हक्क आहे त्याच्यावर.

दारू यायनं पेली होती. संघर्षनं थेंब घेतला नव्हता, तुह्या भांडणाचं नावबी काढलं नव्हतं. बाटली यायच्या खिशात होती, ती फुटली, म्हणून वास दोघाईले. गाडी हे चालवत होते. संघर्ष मागून सारखा म्हणत होता, "दादा, गाडी मले दे. दादा, थांब, गाडी मले दे." हे म्हणले, "तू कालचा पोट्टा, मले शिकवतो का?" आन पिळला ॲक्सिलेटर. ट्रॉली दिसलीच नाही.

यायचं रडणं पाहून मलेबी रडू आलं, खोटं कायले बोलू. माणूस माहा आहे. पण मी विचारलंच, "याददाश जायची अक्कल कोणाची?"

"आईची," म्हणले.

दवाखान्यात आईले सगळं सांगतलं होतं. तिनं यायच्या तोंडावर हात ठेवला. म्हणली, पोलिसाले जे सांगतलं ते सांगतलं, आता पुढं कोणी काही विचारलं तर काहीच आठवत नाही म्हण. यायनं विचारलं, काय काय विसरू? ती म्हणली, सगळंच विसर.

मी तशीच घरी आली. आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. मी काही बोलाच्या आधी माह्या तोंडाकडे पाहून समजली. हात थांबला नाही तिचा. मी म्हटलं, "तुम्हाले माहीत होतं. माहीत असून काजलले आंगणात उभं केलं?"

"हाव," म्हणली. "केलं. लोकं कोणाच्या तरी नावानं बोलणारच होते, तिच्या नावानं बोलले. एक लेकरू गेलं माहं. दुसरं जेलात देऊ का? तू सांग. तुहा ऋत्विक असता, तू काय केलं असतं?"

उत्तर मले येत होतं, म्हणूनच देलं नाही. तिचाबी राग येत होता आन तिची कीवबी येत होती, दोन्ही एकदम कसं सहन करावं ते मले समजेना. संघर्षसाठी ती घरात कुठं रडली असन, कवा रडली असन, आपण कोणी पाह्यलं नाही काजल.

संध्याकाळी मी यायले म्हटलं, "तुम्ही स्वतः जाऊन ठाण्यात सांगा. मी सोबत येते. जे व्हायचं ते होईन, मी सोडून जात नाही." हाव म्हणले. माह्या हातावर हात ठेवून हाव म्हणले.

सकाळी मी चहा घेऊन गेली. आत्याबाई उशापाशी बसून होती, रातभर तिथंच होती वाटते. यायनं कप घेतला, माह्याकडे पाह्यलं आन विचारलं, "तू कोण?"

मी हात लावून पाह्यला, ताप नव्हता. डोळे चांगले स्वच्छ होते, मले चांगले ओळखत होते. त्याच डोळ्यानं आदल्या दिवशी रडले होते. आत्याबाई दुसरीकडे पाहत होती.

काजल, इतके दिवस हे पोलिसाले विसरले, पोराले विसरले, मले वाटे भीतीपोटी करून राह्यले, करू दे. पण हाताले हात लावून कबूल केल्यावर त्याच तोंडानं "तू कोण" विचारलं, तवा मी समजली. उद्या ऋत्विकसमोरबी विसरतीन, म्हातारपणी माह्यासमोरबी विसरतीन, आन मले त्यायच्यासोबत जन्मभर विसरत राहावं लागन. ते मले जमणार नाही.

मी साडी बदलली आन रिपोर्ट घेऊन ठाण्यात गेली. साहेबानं दोनदा विचारलं, "बाई, नवऱ्याविरुद्ध जबाब देऊन राह्यल्या, समजते ना?" समजते म्हटलं. यायनं बांधावर जे सांगतलं ते सगळं सांगतलं, त्यानं लिहून घेतलं, मी वाचून सही केली. साहेब म्हणे, एवढ्यावर काय होईन ते कोर्ट पाहीन, पण केस उघडावी लागन. काल यायले चौकशीले नेलं. आत्याबाई माह्याशी बोलत नाही, मी टाकलेली भाकर खात नाही. ऋत्विकले मीच सांगतलं, दुसऱ्याकडून आयकाच्या आधी.

तू परत ये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू. ह्या घरात आता कोण राहीन आन कोण नाही, मलेच माहीत नाही. चाबीचंबी सांगू नको, पाह्यजे तर साहेबाले सांग, ते तुले बोलावतीन.

पण एक गोष्ट तू मनातून काढून टाक, त्याच्यासाठीच एवढा कागद लिहिला. तुले आठवते, पुण्यानुमोदनाच्या रातीले तू माह्या मांडीवर डोकं ठेवून म्हणली होती, "ताई, मी सकाळी भांडली नसती तर ते पेले नसते." तुले तेच खाऊन राह्यलं असन आजवर. तो पेला नव्हता वं काजल. तो शुद्धीत होता, तुह्यावर रुसलाबी नव्हता, आन शेवटपर्यंत गाडी मागत होता, कारण त्याले घरी यायचं होतं. मयुरीले हेच सांगजो.

तुही,
रेणुका